गुडघा बदलला, हाड मात्र जुनंच

शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे हातात आला की सगळ्यांची नजर धातूवर जाते. आज मला तुम्हाला त्या धातूभोवतीचं हाड दाखवायचंय. सांधा कृत्रिम असला तरी तो धरून ठेवणारं हाड जिवंत आहे, आणि आपल्यावर किती भार येतो याला ते रोज प्रतिसाद देत असतं.

जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये हे सविस्तर मांडलं: भार वाढला की हाड भरतं, भार गेला की विरळ होतं.

आता सांध्याच्या धातूंचा आणि हाडाचा ताठरपणा बघा; तो गिगापास्कलमध्ये मोजतात. कोबाल्ट-क्रोमियमचा 200 गिगापास्कलच्या वर, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा साधारण 110, हाडाच्या बाहेरच्या टणक थराचा 15 ते 20. गुडघ्याजवळचं आतलं जाळीदार हाड त्याहून कितीतरी मऊ. ताठर धातू भार स्वतःवर घेतो आणि हाडाला काम उरत नाही. मांडीच्या हाडाचा खालचा, पुढचा भाग त्यामुळे विरळ होतो, आणि बरीचशी झीज पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच होते. पुढे कधी पेशंट पडला, तर कृत्रिम सांध्याच्या लगेच वर फ्रॅक्चर होतं ते इथेच. ऑपरेशनमध्ये हाड कापताना करवत पुढच्या बाजूला जास्त खोल गेली असेल तर धोका आणखी वाढतो.

नडगीची गोष्ट वेगळी आहे. पाय धनुष्यासारखे वाकलेले असतात तेव्हा वर्षानुवर्षं आतल्या बाजूवर भार पडून तिथलं हाड कठीण झालेलं असतं. पाय सरळ केला की तो भार वाटला जातो आणि घनता उतरते. एवढ्यावरून मी घाबरत नाही. हाड जुळवून घेतंय. पण नडगीवर बसवलेला कृत्रिम सांध्याचा धातूचा भाग, म्हणजे बैठक, आतल्या बाजूला कलती बसली, पेशंटचं वजन जास्त आणि हाड ठिसूळ असलं, तर तिथलं हाड चेपतं आणि बैठक खचते. ते मात्र गंभीर आहे.

मग प्रत्येक पाय काटेकोर सरळच करायचा का? बेल्जियमच्या बेलेमन्स आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये निरोगी तरुणांचे पाय मोजले. 32 टक्के पुरुषांत आणि 17 टक्के स्त्रियांत तीन अंश किंवा त्याहून जास्त धनुष्यासारखा बाक निसर्गतःच होता. म्हणून थोडा मूळ बाक राखावा असं मानणारे सर्जन वाढलेत. मलाही ते पटतं, पण हाड भक्कम असेल तरच. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार असलेल्या सत्तरीच्या बाईंच्या नडगीवर मी हा प्रयोग करणार नाही.

इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम सांधा, महाग म्हणजे हाडाला चांगलं, असंही नाही. धातूशिवायची, संपूर्ण पॉलिथिलीनची (एक प्रकारचं प्लॅस्टिक) बैठक स्वस्त असते, तिचा ताठरपणाही कमी असतो. वयस्कर पेशंटमध्ये ती उत्तम टिकलेली आहे. तिच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

ऑपरेशनआधी हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवा. पुढचा प्रत्येक एक्स-रे त्याच्याशी ताडून पाहिला तरच बैठक जागची हलली का, सांधा हाडाला चिकटवणारं सिमेंट आणि हाड यांमधली काळी रेघ रुंदावली का, हे कळतं. चांगला चालणारा गुडघा नव्याने दुखू लागला, तर तो पहिला आणि नवा असे दोन्ही एक्स-रे घेऊनच या.