हॅलिबट, खवलं आणि नखाची परीक्षा

नमस्कार मंडळी, आज जरा मच्छीवर बोलूया, पण आपल्या नाही, उत्तर अटलांटिक आणि पॅसिफिकच्या थंड पाण्यातल्या. हॅलिबट नाव ऐकलंय ना? आपल्या लेपाचा लांबचा नातेवाईक समजा, फक्त हा वाढला तर 200 किलोच्या पुढे जातो. पिल्लू असताना बिचारा चारचौघांसारखा सरळ पोहतो, डोळेही दोन बाजूंना, मग हळूहळू डावा डोळा डोक्यावरून सरकत उजवीकडे येतो आणि साहेब आयुष्यभर एका कुशीवर आडवे.

आता असा वेडावाकडा मासा ज्यू लोकांना चालतो का? तर चालतो. त्यांच्या धर्मग्रंथातल्या लेवीय या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात सरळ लिहिलंय, पाण्यातलं जे खायचं त्याला पर हवेत आणि खवलं हवीत, तोंड कसं असावं यावर काही नाही. पण गंमत खवलांतच आहे, कारण 13व्या शतकात रामबान (नाख्मानिडीज) नावाच्या मोठ्या ज्यू पंडिताने सांगितलं की खवल कातडी न फाटता सुटायला हवं, तरच ते खवल. हॅलिबटची खवलं बारीक, वर बुळबुळीत चिकटा, नुसतं बघून कळत नाही, शेपटीकडून डोक्याकडे नख ओढलं की मग हाताला लागतात आणि निघतात. पास!

टर्बटचं उलट आहे, दिसायला तसाच चपटा, पण अंगावर खवलांऐवजी हाडाच्या गाठी, म्हणून नापास. त्यात बाजारात ग्रीनलंड टर्बट म्हणून जो विकतात तो असतो हॅलिबट, तो चालतो, घ्या आता!

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींची, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, गोष्ट सांगतात ना, तीही हीच. डेव्हिड राहबी नावाचे बाहेरचे ज्यू गृहस्थ आले, हे लोक खरंच ज्यू आहेत का बघायला बायकांपुढे मासे ठेवले, तर त्यांनी पर आणि खवलं असलेलेच तेवढे निवडले. मला वाटतं मुशी, शिंगाळा वगैरे बाजूला काढायला त्यांना मिनिटही लागलं नसेल, कोकणातल्या बाईला मासा काय शिकवायचा!

परदेशात मात्र हॅलिबटचे पांढरेशुभ्र तुकडेच मिळतात, खवल बघणार कुठे? म्हणून नियम पाळणारी माणसं काउंटरवर सांगतात, कातडीचा तुकडा राहू दे, आणि हो, सुरी आधी धुवून घ्या, तिच्यावर आत्ताच कुठला बिनखवलांचा कॅटफिश कापला असेल कोणास ठाऊक.