बांधणीत हरवलेली चित्रं : जे. जे. आणि आपली लोकप्रिय कादंबरी

(गिरगावातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आजच्या विषयाची दोन टोकं या सभागृहापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. एक क्रॉफर्ड मार्केटजवळचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. दुसरं इथलंच, गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवी या पट्ट्यातलं. इथं छापखाने होते, प्रकाशक होते आणि संध्याकाळी कचेरीतून परतताना मासिकाचा ताजा अंक घेऊन चाळीचा जिना चढणारा वाचक होता. कलेच्या इतिहासात जे. जे. येतं, वाङ्मयाच्या इतिहासात मासिक आणि कादंबरी येते. पण या दोघांनी मिळून विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत जे काही घडवलं, त्याची नोंद दोन्हीकडे नाही. ती का नाही, आणि त्यात आपलं काय गेलं, यावर आज बोलायचं आहे.

आधी शाळेबद्दल थोडं. सर जमशेटजी जीजीभाईंनी 1853 मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि 1857 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग सुरू झाले. हेतू चित्रकार घडवण्याचा कमी आणि कुशल कारागीर घडवण्याचा जास्त होता. 1865 मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग इथं शिकवायला आले. त्यांचा विषय शिल्प आणि इमारतींवरचं नक्षीकाम. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं त्यांचीच. पुढच्या वेळी भाजी घ्यायला जाल तेव्हा मान वर करून जरूर पाहा. त्याच वर्षी शाळेच्या आवारात त्यांच्या मुलाचा जन्म झाला. तो रुडयार्ड. पुढे 1901 मध्ये रुडयार्डची 'किम' ही कादंबरी आली, तेव्हा चित्रं वडिलांनी केली. पण पेनानं काढली नाहीत. त्यांनी पात्रांची उठावशिल्पं घडवली, त्यांचे फोटो काढले आणि ते फोटो पुस्तकात छापले. जे तंत्र त्यांनी मुंबईत वर्गात शिकवलं होतं, तेच जगभर खपलेल्या एका कादंबरीच्या पानांत गेलं. चित्रशाळा आणि लोकप्रिय कादंबरी यांची गाठ किती जुनी आहे, हे यावरून कळतं.

युरोपात ही गाठ आणखी वेगळ्या पद्धतीनंही बसली होती. जॉर्ज द्यू मॉरिए हे 'पंच' या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाचे चित्रकार. पॅरिसच्या चित्रशाळेत शिकलेले. त्यांनी 1894 मध्ये 'ट्रिल्बी' लिहिली. नायक चित्रकलेचे विद्यार्थी, नायिका मॉडेल, आणि चित्रंही लेखकाच्याच हातची. पुस्तक अफाट खपलं. तिथं चित्रशाळेतला गरीब मुलगा कादंबरीचा नायक झाला.

आपल्याकडे तसं झालं नाही. त्या काळातल्या ज्या मराठी कादंबऱ्या मी वाचल्या, त्यांत नायक बी. ए. होतो, वकील होतो, डॉक्टर होतो, सुधारक होतो, सरदार तर पुष्कळदा होतो, जे. जे.त शिकणारा क्वचितच. आपला चित्रकार नायकाला रूप देत राहिला. माझ्या मते हे काम नायक होण्यापेक्षा मोठं होतं.

त्या वेळच्या कादंबरीकडे या नजरेनं पाहा. 1890 मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू झालं आणि हरिभाऊ आपट्यांची कादंबरी हप्त्याहप्त्यानं घराघरांत जाऊ लागली. 1895 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी मुंबईत 'मासिक मनोरंजन' काढलं. 1909 चा त्यांचा दिवाळी अंक मराठीतला पहिला. वामन मल्हार जोशांची 'रागिणी' त्याच मासिकातून क्रमशः आली. मुंबईतच जन्मलेले नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडले आणि कमरेखाली अधू झाले. बिछान्यावर पडून वाचता वाचता लिहू लागले. 1908 मध्ये 'प्रेमवेडा', 1913 मध्ये 'वीरधवल'. 'वीरधवल'नं वाचकांच्या पिढ्या वेड्या केल्या. या सगळ्या लेखनात संवाद भरपूर, घटना भरपूर, मनातली घालमेलही आहे. पण माणूस दिसतो कसा, उभा कसा राहतो, खोलीत उजेड कुठून येतो, पदर कसा घेतलाय, हे लेखक दोन ठरीव विशेषणांत संपवतो. उणं काढायचं म्हणून मी हे सांगत नाही. ती जागा रिकामी होती, आणि ती भरणारा हात जे. जे.त तयार होत होता.

त्यातला सर्वात मोठा हात महादेव विश्वनाथ धुरंधरांचा. जन्म 1867, कोल्हापूरचे. 1890 मध्ये जे. जे.त विद्यार्थी म्हणून आले, तिथंच शिक्षक झाले, 1910 मध्ये हेडमास्तर, आणि 1931 मध्ये निवृत्त. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच ती एकेचाळीस वर्षं आहेत. 1895 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. देवादिकांची आणि शिवकालाची चित्रं तर त्यांनी केलीच, पण मला त्यांचं खरं घर वाटतं ते मुंबईतला साधा माणूस. पाठारे प्रभूंची लग्नं, दारातली कोळीण, पारशी बाई, पगडी सावरणारा कारकून, पाणवठ्यावरच्या बायका. नऊवारीचा ओचा चालताना कसा हलतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. त्यांची ही माणसं पोस्टकार्डांवर गेली, दिनदर्शिकांवर गेली, पुस्तकांत गेली. गोष्ट वाचताना वाचकाच्या डोळ्यांपुढे जी बाई उभी राहायची, तिच्या उभं राहण्यात रविवर्मा होता आणि धुरंधर होते.

आता शाळेनं या चित्रकारांना काय शिकवलं आणि छापखान्यानं काय मागितलं, इथं थोडं थांबतो, कारण खरी गंमत इथंच आहे.

जे. जे.तला विद्यार्थी आधी प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून चित्रं काढी. कोळसा, क्रेयॉन, वॉश. उजेडापासून सावलीपर्यंतच्या सगळ्या छटा हळूहळू चढवत नेणं हे त्या शिक्षणाचं मर्म. मग कपड्यांच्या चुण्या, मग समोर बसवलेलं माणूस. विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास 1919 नंतर, ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख झाल्यावर सुरू झाला. म्हणजे शिक्षण सगळं छटांचं. आणि छापखान्याला छटा परवडत नव्हती. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या अक्षरांच्या बरोबरीनं, त्याच साध्या कागदावर चित्र छापायचं तर लाइन ब्लॉक हवा. त्यात चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवतात, रेषा सोडून बाकीचा भाग अॅसिड खातं. पत्र्यावर एकतर शाई लागते, नाहीतर लागत नाही. मधली करडी जागा नाहीच. करडेपणा हवा तर हाफटोन. जाळीतून फोटो काढून चित्राचे बारीक ठिपके करायचे. पण ते ठिपके मासिकाच्या खरबरीत कागदावर फुटतात, पसरतात. त्यांना गुळगुळीत आर्ट पेपर लागतो, आणि तो महाग. म्हणून रंगीत किंवा छटांची चित्रं वेगळ्या कागदावर छापून अंकात मध्ये चिकटवत.

तेव्हा कथाचित्र काढणाऱ्याला शाळेत शिकलेली सावली बाजूला ठेवून दौत-टाकानं रेषेत बोलायला स्वतःच शिकावं लागलं. शाळेत तसा वर्ग नव्हता. जे. जे.त व्यावसायिक कलेचा विभाग निघाला तो 1935 मध्ये. म्हणजे 'मनोरंजन'च्या जवळजवळ सगळ्या आयुष्यभर मासिकांची चित्रं काढणारी मुलं हे काम शाळेबाहेर, छापखान्याच्या दारात, ब्लॉक बिघडला की बोलणी खात शिकली. शाळा त्या वेळी भित्तिचित्रांच्या मोठ्या स्वप्नात होती. 1924 च्या लंडनमधल्या वेम्बली प्रदर्शनातली 'इंडियन रूम', पुढे नवी दिल्लीच्या सचिवालयातली चित्रं. बंगालच्या कलावंतांशी वाद चालू होता की खरी भारतीय कला कोणाची. ते वाद महत्त्वाचे होते, मी कमी लेखत नाही. पण दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंती किती जणांनी पाहिल्या? आणि एका अंकातलं चित्र चाळीच्या मजल्यावर किती हातांतून फिरायचं?

शिकण्याची इच्छा मात्र शहरभर होती. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांनी इलाख्यातल्या शाळांत ड्रॉइंग मास्तर नावाचा माणूस पोचवला. 1908 मध्ये सावळाराम हळदणकरांनी स्वतःची चित्रशाळा काढली. दादासाहेब फाळके 1885 मध्ये जे. जे.त दाखल झाले होते. पुढे ब्लॉक करण्याच्या आणि छपाईच्या धंद्यात उतरले आणि तिथून 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'पर्यंत पोचले. आपला सिनेमासुद्धा चित्रशाळा आणि छापखाना यांच्या मधल्या याच वाटेवरून आला.

आता एक उदाहरण शेजारच्या भाषेचं, पण याच शहरातलं. 1916 मध्ये हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी मुंबईत 'वीसमी सदी' हे गुजराती सचित्र मासिक काढलं. चित्रांसाठी या माणसानं पैसा पाण्यासारखा ओतला. भावनगरहून जे. जे.त शिकायला आलेले रविशंकर रावळ त्यांना भेटले. कन्हैयालाल मुनशी तेव्हा मुंबईत वकिली करत, आणि 'घनश्याम' या नावानं लिहीत. त्यांची 'गुजरातनो नाथ' ही ऐतिहासिक कादंबरी 'वीसमी सदी'त हप्त्यानं आली आणि रावळांनी तिच्या माणसांना चेहरे दिले. मुंजाल, काक, मंजरी. कित्येक शतकांपूर्वीच्या पाटणचा मुत्सद्दी दिसत कसा असेल, हे गुजराती वाचकांना रावळांनी दाखवलं, आणि ते चेहरे टिकले. हाजी महंमद 1921 मध्ये गेले. रावळ अहमदाबादला गेले आणि 1924 मध्ये त्यांनी 'कुमार' हे मासिक काढलं. गुजरातीत आज मुनशींचं नाव निघालं की जाणकार वाचक रावळांचंही काढतो. 'वीरधवल'च्या बाबतीत आपण असं एखादं नाव काढतो का? मराठीत आपण लेखक सांभाळला आणि त्याच्या शेजारचा चित्रकार सोडून दिला.

हे कुणी मुद्दाम केलं नाही, बांधणीत झालं. वाचनालयात वर्षाचे बारा अंक जमले की ते बांधणाऱ्याकडे जात. तो पहिलं काम करी ते कव्हरं काढून टाकण्याचं. कव्हरं फाटकी असत, जाड असत, शिलाईत अडत. जाहिरातींची पानं जागा खातात म्हणून तीही जात. म्हणजे अंकातल्या चित्रकाराच्या कामाचा सगळ्यात ठसठशीत भाग पहिल्या दिवशीच रद्दीत. मघाशी ज्या आर्ट पेपरच्या चिकटवलेल्या चित्रांबद्दल बोललो, त्यांची खळ सुटून ती गळून पडत, किंवा कुणी हळूच काढून घेऊन काचेत लावत. मागं उरली ती साध्या कागदावरची रेषाचित्रं, तीही पान कापताना कडेची सही गेलेली. मग कादंबरीच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हा चित्रं नाहीतच. खर्च वाचला, आणि कुणी तक्रारही केली नाही.

एक गोष्ट मला फार टोचते. मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांचं या शहरावरचं पुस्तक 1912 मध्ये निघालं, आणि किंकेड यांनी आपल्या व्रतांच्या कहाण्या 1914 मध्ये इंग्रजीत आणल्या. दोन्ही पुस्तकांना धुरंधरांची चित्रं आहेत. ती पुस्तकं आज कुणालाही घरबसल्या, चित्रांसकट पाहता येतात, कारण परदेशातल्या ग्रंथालयांनी ती पानं न काढता जपली. त्याच काळातलं मराठी मासिक मात्र चित्रांसकट पाहायचं तर दहा ठिकाणी हिंडावं लागतं. आपल्याच माणसानं आपल्याच बायकांचं काढलेलं चित्र आपल्याला परक्या भाषेच्या पुस्तकात आधी सापडतं.

पुढची पिढी सुदैवी ठरली. दीनानाथ दलाल 1937 मध्ये जे. जे.तून बाहेर पडले, 1945 मध्ये त्यांनी 'दीपावली' हे नियतकालिक काढलं, आणि कव्हर हीच गोष्ट झाली. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आठवताना रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठंही आठवतात. त्यांच्यावर लिहिलं गेलं, प्रदर्शनं झाली. पण त्यांच्या आधी पस्तीस वर्षं ज्यांनी वाचकाचे डोळे तयार केले, त्यातल्या कित्येकांची आपल्याला नावंही माहीत नाहीत.

म्हणून आता कामाचं बोलतो. सध्या जुनी मासिकं स्कॅन करण्याचं काम ठिकठिकाणी चालू आहे, आणि ते आनंदाचं आहे. ते करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. कव्हर आणि जाहिराती वगळू नका. पानाची कड कापू नका, सही बहुतेक तिथंच असते. चित्र काळं-पांढरं करून आकार लहान करू नका, त्यात हाफटोनची जाळी चिखल होते. आणि सूचीत लेखक, प्रकाशक, वर्ष यांच्या पुढे चित्रकाराचा एक रकाना घाला. नाव कळलं नाही तर 'सही वाचता येत नाही' एवढं लिहा. तेवढ्यानंही पुढच्या माणसाला दोन अंकांतल्या सह्या ताडून पाहता येतील.

वाचनालयाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी 1935 च्या आधीचे मराठी किंवा गुजराती मासिकांचे सुटे अंक आहेत, कव्हर असलेले, मग ते कितीही फाटलेले असोत, त्यांनी मासिकाचं नाव आणि वर्ष तिथं लिहावं. अंक द्यायची गरज नाही. आम्ही घरी येऊन, तुमच्यासमोर फोटो काढून जाऊ.