सातच्या जागी आठ दात

(दृश्य: अमेरिकेतला सरळसोट महामार्ग. जुन्या मस्टँगचा डॅशबोर्ड.)

काटा ८० मैलांवर आहे. शेजारी लावलेल्या फोनचं जीपीएस मात्र ७० दाखवतंय.

समजा, ही १९८०च्या दशकातली फोर्ड मस्टँग आहे. तिचा पाच गिअरचा टी-५ गिअरबॉक्स निकामी झाला, म्हणून दुसऱ्या मस्टँगमधला टी-५ काढून हिच्यात टाकला. नाव तेच, गिअर तेवढेच. तरी मीटर खोटं बोलायला लागलं. अशा वेळी पहिला संशय जातो पाचव्या गिअरवर. त्या बिचाऱ्याचा इथे काही संबंध नाही.

मीटरला वेग कळतच नाही. गिअरबॉक्समधून बाहेर पडून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट किती फेरे घेतो, एवढंच त्याला कळतं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असो की पाचव्या, त्या शाफ्टचं आणि चाकांचं नातं बदलत नाही. शाफ्टवर एक छोटा ड्राइव्ह गिअर असतो. त्याला भिडलेलं प्लॅस्टिकचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चक्र, मीटरची केबल फिरवतं. घोळ होतो तो या जोडीत. काही टी-५मध्ये ड्राइव्ह गिअरला सात दात असतात, काहींत आठ.

(दृश्य: केबलच्या टोकाला पिनियन. निवेदन सावकाश.)

आता हिशेब. अमेरिकी मीटरला एका मैलात केबलचे १००० फेरे लागतात. २२५/६० आर १५ मापाचा टायर मैलाला साधारण ८१० वेळा फिरतो. मागचा एक्सल ३.५५चा असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.५५ फेरे होत असतील, तर शाफ्टचे फेरे होतात सुमारे २८७५. त्यांचे १००० करायला सात दातांसमोर २० दातांचं पिनियन लागतं, आठ दातांसमोर २३ दातांचं. सात दातांचा गिअरबॉक्स काढून आठ दातांचा टाकताना जुनी केबल जशीच्या तशी खोचली, की तिच्या टोकाचं २० दातांचं पिनियनही सोबत येतं. मग ७०चे ८० होणारच.

इलाज मात्र स्वस्त आहे. ड्राइव्ह गिअर बदलायचा तर गिअरबॉक्सचं मागचं हाउसिंग उघडावं लागतं. त्याच्या नादी कुणी लागत नाही. एक बोल्ट सोडवला की केबल पिनियनसकट बाहेर येते, क्लिप काढून नवं पिनियन चढवायचं.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी. रस्त्याकडेच्या मैलाच्या पाट्यांशी ओडोमीटर, म्हणजे कापलेलं अंतर मोजणारा आकडा, ताडून पाहावा. तोही सातच्या जागी आठ मैल मोजत असेल, तर दोष दातांत. तो बरोबर आणि काटाच चुकत असेल, तर बिघाड मीटरच्या आत, चुंबकात किंवा केसासारख्या स्प्रिंगमध्ये. तिथे पिनियन बदलून फुकट खर्च.

(दृश्य: महाराष्ट्रातला घाट. उंच टायरची जुनी जीप.)

आपल्याकडच्या जुन्या महिंद्रा जीपचं प्रकरण निराळं. तिथे केबल निघते ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या, गिअरबॉक्सच्या पुढच्या टप्प्यावरून. ट्रान्सफर केस तीच ठेवून नुसता गिअरबॉक्स बदलला, तर मीटरच्या आकड्यात फरक पडत नाही. जीपवाल्यांना फसवतात ते हौसेनं चढवलेले मोठे टायर. २८ इंची टायरच्या जागी ३१ इंची घातला, की काटा ६० दाखवतो आणि जीप ६६नं पळते. संयुक्त राष्ट्रांच्या ३९व्या वाहन-नियमानुसार मीटरनं दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत जास्त दाखवलेलं चालतं. कमी दाखवलेलं अजिबात चालत नाही. त्यामुळे या दोन गाड्यांत जास्त घातक आहे ती जीप.