आकडा काय म्हणतोय?

[अंधार. घड्याळाची टिकटिक. मग तीन बीप.]

रात्रीचे ३ वाजून १० मिनिटं. हा आवाज माझ्या कमरेचा आहे. शेजारी झोपलेली पाच वर्षांची लेक डोळे न उघडताच म्हणते, "आई, तुझं पोट वाजतंय." आणि परत झोपते. मी पांघरुणात इन्सुलिनचा पंप चाचपडते. काच उजळते. शुगर ६४, म्हणजे कमी. शेजारी एक बाण, खाली तोंड केलेला.

उशाशी स्टीलची डबी असते, तिच्यात ग्लुकोजची पावडर. पुस्तकातला नियम १५ ग्रॅमचा, म्हणजे साधारण तीन चमचे. खायची, १५ मिनिटं थांबायचं, परत बघायचं. आता मी दोनच चमचे घेते, कारण आकडा घसरायला लागला तेव्हाच पंपानं इन्सुलिन सोडणं थांबवलेलं असतं. पण ती १५ मिनिटं काही केल्या संपत नाहीत. अंगाला घाम, हाताला कापरं, आणि डोक्यात एकच हुकूम, खा. पूर्वी मी त्या हुकमाला बळी पडायची. अंधारात उभ्याउभ्या चार लाडू, कालची पोळी, हाताला लागेल ते. आणि सकाळी शुगर ३००.

आज ३ वाजून ३२ मिनिटांनी आकडा ८८ आहे. बाण आडवा. झोपा.

[सातारा. विहीर, त्यावरची मोटर, उसाचं रान.]

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. १९९८ साली, नऊ वर्षांची असताना मला टाइप वन डायबेटिस झाला. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींनीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या. गोड खाल्ल्यानं हा होत नाही, कारल्यानं जात नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोलले आहे की कमरेवरच्या यंत्रात ध्वनिमुद्रित करून ठेवायची सोय हवी होती.

तेव्हा आमच्याकडे आकडा नव्हता, रंग होता. आई परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायची, त्यात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायची. निळं राहिलं तर बरं. हिरवं, पिवळं, केशरी, आणि विटकरी झालं की आईचा चेहरा पडायचा. दिवसातून दोन सुया. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन सिरिंजमध्ये आधी ओढायचं, दुधाळ नंतर. त्या दुधाळ इन्सुलिनचा जोर संध्याकाळी टोचल्यावर नेमका मध्यरात्रीनंतर चढायचा. म्हणून आई रोज ३ चा गजर लावायची आणि माझ्या मानेला हात लावून बघायची. घाम असला की साखरपाणी.

बाटली माठाशेजारच्या ओल्या मडक्यात असायची. फ्रिज होता, पण भारनियमनात बारा बारा तास वीज नसली तर फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. मडक्याचा गारवा विजेवर अवलंबून नव्हता.

मग ग्लुकोमीटर आला. डॉक्टरांनी वही करायला सांगितली. सकाळी, दुपारी, रात्री, बोट टोचून येणारा आकडा लिहायचा. आता इतक्या वर्षांनी कॅमेऱ्यासमोर कबूल करते, त्या वहीतले निम्मे आकडे खोटे होते. पट्ट्या महाग, बोटं दुखरी, आणि २८० लिहिलं की घरात सुतक. म्हणून मी १२५ लिहायची, कधी १४०. रोज एकच पेन वापरलं तर संशय येतो म्हणून पेन बदलायची. टाइप वनचं जे जे माणूस मला पुढं भेटलं, त्यातल्या बहुतेकांनी ही वही अशीच लिहिलेली निघाली.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं ते टोरांटोमध्ये, ११ जानेवारी १९२२ रोजी. रुग्ण होता १४ वर्षांचा लिओनार्ड थॉम्पसन. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जीवरसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिपनं तो शुद्ध केला, २३ जानेवारीपासून परत दिला, आणि मुलगा सावरला. त्याआधी या आजारात मुलं काही महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत जायची. इन्सुलिन आलं, मुलं जगायला लागली, आणि रोजचा प्रश्न उभा राहिला: किती द्यायचं, कधी द्यायचं?

निरोगी स्वादुपिंड हा हिशेब क्षणाक्षणाला करतं. त्याची नक्कल करणारं यंत्र लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड कॅडिश यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवलं. ते पाठीवर घ्यायच्या बोचक्याएवढं होतं. १९७८ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी छोट्या पंपानं त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडण्याची पद्धत मांडली. माझ्या कमरेचं हे यंत्र त्याच घराण्यातलं.

[कमरेचा पंप, नळी, पोटावरची चिकटपट्टी.]

पंप मी २०१९ मध्ये घेतला, लेक पोटात असताना. गरोदरपणात आकडा फार ताब्यात लागतो आणि सुयांनी तो राहत नव्हता. गावी मामांना सांगितलं, "मामा, मी पंप बसवला." मामा म्हणाले, "किती हॉर्सपॉवरचा?"

गंमत अशी की कामही तसंच आहे. एक लहान मोटर आत दट्ट्या ढकलते. कुपीत ३ मिलिलिटर, म्हणजे ३०० युनिट इन्सुलिन. तिथून बारीक नळी, नळीच्या टोकाला त्वचेखाली जाणारी मऊ कॅन्युला. चोवीस तास थेंबाच्याही अंशानं जे झिरपत राहतं ते बेसल. जेवताना वेगळं सोडायचं ते बोलस. बेसल एका युनिटच्या चाळिसाव्या भागानं कमीजास्त करता येतं. सिरिंजच्या रेघांवर डोळे फोडत बसणाऱ्या माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती नुसती हसली.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, जीव जाऊ शकतो अशी आहे. आपल्याकडे बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या. पंपात १०० चं लागतं. ती बाटली घरात पडली आहे म्हणून कुणी जुन्या लाल टोपीच्या, ४० च्या सिरिंजनं रेघा मोजून टोचलं, तर अडीचपट इन्सुलिन अंगात जातं. आमच्या घरी ४० ची एकही सिरिंज ठेवलेली नाही.

दंडावर जे गोल दिसतं तो सेन्सर. केसासारखी तार त्वचेखाली असते, तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर. साखरेशी त्याची क्रिया झाली की अगदी सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो, त्यावरून आकडा. पण हा आकडा रक्ताचा नाही, पेशींच्या मधल्या द्रवाचा आहे. पाटाला पाणी सोडलं की ते शेवटच्या वाफ्यात लगेच पोचत नाही, तसं. पाच-दहा मिनिटं मागं. शुगर भरभर पडत असेल तेव्हा सेन्सर ७० म्हणतो आणि खरी ५५ असते. म्हणून आकड्यापेक्षा बाण बघायचा. आणि दंडावर दाब देऊन झोपलं तर हे महाशय रात्री खोटाच लो दाखवतात. कूस बदला, आकडा सुधारतो.

आता पंप आणि सेन्सर एकमेकांशी बोलतात. दर पाच मिनिटांनी सेन्सर आकडा सांगतो, पंप बेसल वाढवतो किंवा थांबवतो. असं पहिलं यंत्र अमेरिकेत सप्टेंबर २०१६ मध्ये मंजूर झालं. याला हायब्रिड म्हणतात, म्हणजे अर्धं काम त्याचं, अर्धं माझं. माझं अर्धं म्हणजे ताट.

[स्वयंपाकघर. तव्यावर पुरणपोळी.]

पंपाला पुरणपोळी कळत नाही. त्याला ग्रॅम कळतात. जेवायला बसण्याआधी, शक्यतो १०-१५ मिनिटं, मला सांगावं लागतं की एवढे ग्रॅम कार्ब, म्हणजे कर्बोदकं, येत आहेत. एक पातळ फुलका साधारण १५. वाटीभर भात ३० च्या पुढंमागं. भाकरी कुणाच्या हातची यावर अवलंबून. माझ्या सासूबाईंची एक भाकरी म्हणजे तीन फुलके. पुरणपोळीला मी ४५ धरते, पण आकडा बरोबर असूनही खेळ फसतो. वरच्या तुपानं पचन रेंगाळतं. इन्सुलिन आधी पोचतं, साखर मागून. जेवल्यावर तासाभरात लो आणि रात्री अकराला २६०. जुन्या पंपात मी बोलस दोन भागांत सोडायची, थोडं आत्ता, थोडं दोन तासांत पसरून. नवीन पंप मागचा चढ बराचसा स्वतःच पकडतो.

पंगतीत अजून वेगळं. बोलस देऊन बसलेय, वाढायला उशीर होतोय, बाण खाली वळलाय, आणि समोर कुणीतरी "वदनी कवळ" सावकाश म्हणतंय. मीठ-लिंबू वाढून झालं, भात यायचाय. मी हळूच जिलबीचा तुकडा मोडते. शेजारची काकू बघते. तिच्या नजरेतलं वाक्य मला पाठ आहे: हिला डायबेटिस ना?

उपवासाचं तर उलटंच. लोक म्हणतात, तुला उपास झेपत नसेल. रिकाम्या पोटीचा उपास मला अजिबात जड नाही, बेसल झिरपत असतं, आकडा सरळ रेषेत. मला झेपत नाही तो साबुदाणा. शुद्ध स्टार्च. एकादशीला ऑफिसात सगळ्यांनी आणलेली खिचडी चाखली की माझा आलेख सज्जनगडाच्या पायऱ्या चढतो.

[एसटी स्टँड. गर्दी.]

तीन वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला निघाले होते. नऊवारी, पंप निऱ्यांमागे शिवून घेतलेल्या खिशात. बसमध्ये शुगर २१०, मग २५५. बोलस दिलं. तासानं ३२०. परत दिलं. पंप म्हणतोय, सोडलं. पुढं सेन्सरनं आकडा दाखवणंच सोडलं, नुसतं "हाय", म्हणजे ४०० च्या वर. पोटात ढवळायला लागलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्टँडच्या स्वच्छतागृहात चिकटपट्टी ओढली, कॅन्युला मधोमध वाकलेली. इन्सुलिन आत गेलंच नव्हतं.

पंपाची खरी भीती ही. सुयांवर असताना लांब टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठा अंगात असतो. पंपात फक्त झटपट काम करून संपणारं इन्सुलिन. पुरवठा तुटला की काही तासांत रक्त आंबायला लागतं, कीटोन नावाची आम्लं वाढतात. म्हणून पर्समध्ये इन्सुलिनचं पेन असतंच. दोनदा लागोपाठ २५० च्या वर आणि कारण कळत नाही, तर पंपावर विश्वास नाही. पेननं टोचायचं, कीटोन तपासायचे, जागा बदलायची. त्या दिवशी मी हे सगळं दोन तास उशिरा केलं, कारण यंत्र खोटं बोलणार नाही असं मी धरून चालले होते. ते खोटं बोललंही नव्हतं. त्यानं ढकललं होतं. पुढं काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. पंपाला काही लाख लागतात, आणि तो घेतल्यावर खर्च संपत नाही, सुरू होतो. दर तिसऱ्या दिवशी नवीन कॅन्युला आणि नळी, सेन्सर आठवड्या-दोन आठवड्यांचा. माझ्या विम्यानं यातला एक रुपया दिलेला नाही. आम्ही घराचा हप्ता भरतो तसा पोटाचा हप्ता भरतो. मडक्यात इन्सुलिन ठेवणाऱ्या घरात आजही हे जाऊ शकत नाही, आणि मी त्याच घरातून आले आहे.

शाळांचं मात्र थोडं बदललंय. दहावीच्या पेपरला मी खिशात शेंगदाण्याची चिक्की लपवून नेली होती, कॉपीसारखी. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं राज्यांना लिहिलं, की टाइप वन असलेल्या मुलांना परीक्षेत खाणं, पाणी, इन्सुलिन जवळ ठेवू द्या, अंगावरचा सेन्सर आणि पंप काढायला लावू नका, आकडा बघायला फोन लागत असेल तर तो पर्यवेक्षकांकडे राहू द्या.

[पुणे. बाल्कनी. फोन वाजतो.]

आता फोनबद्दल. २०१३ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस्टिक नावाच्या एका बापानं आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या सेन्सरचे आकडे इंटरनेटवर चढवले, कामावर बसून दिसावेत म्हणून. इतर आईबापांनी ते उचललं, त्यातून नाइटस्काउट नावाचा त्यांचा प्रकल्प उभा राहिला. पुढं कंपन्यांनीही ही सोय दिली. माझ्या नवऱ्यानं हौसेनं साताऱ्याला आईच्या फोनवर ती सुरू करून दिली.

मग ११० किलोमीटरवरून फोन सुरू झाले. मीटिंगमध्ये, रिक्षात, एकदा न्हाणीघरात. "एकशे ऐंशी झालीये, काय खाल्लंस?" छत्तीस वर्षांची बाई मी, बँकेत माणसं माझ्या सहीसाठी थांबतात, आणि मी आईला सांगतेय की अर्धा वडापाव. एके दिवशी चिडून मी ते बंद केलं. आई काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी नवऱ्याकडून कळलं, तिनं परत ३ चा गजर लावायला सुरुवात केलीय. उठते, बंद पडलेलं ॲप बघते, आणि सकाळपर्यंत बसते.

मी परत सुरू केलं. अट एकच: ७५ च्या खाली गेली तरच फोन.

[पडद्यावर पंपाची काच: ७२. बाण तिरका, खाली. फोन वाजतो.]

"हॅलो. हो आई. हो, बघितलं. ... अगं शूटिंग चाललंय. ... खाल्लं. हो, आत्ताच खाल्लं, साखर."

"काही खाल्लेलं नाहीस. बाण अजून खालीच आहे."