एकच फंक्शन, तीन टेबलं

[दृश्य: मिरकरवाडा, रत्नागिरी. ट्रॉलरमधून क्रेट उतरताहेत.]

बांगडा जेटीवर आला की आधी काटा, मग बोली. वजन संगणकात जातं. बर्फ आणि डिझेलही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तीन टेबलं, तिन्हींत एक आकडा, आणि त्या आकड्याला एक कमाल मर्यादा. नोंद मोबाइलवरून येवो की एक्सेलमधून, ट्रिगर, म्हणजे नोंद होताना आपोआप फंक्शन चालवणारी सोय, तिला गाठतोच. मर्यादेपलीकडची नोंद नाकारायचा नियम अ‍ॅपमध्ये नको, इथेच हवा.

[दृश्य: संगणकाचा पडदा, जवळून.]

त्यासाठी फंक्शन एकच पुरतं. त्याचा कंस रिकामा ठेवायचा. पॅरामीटर लिहिलात तर पोस्टग्रेस ते बनवूच देत नाही. रकान्याचं नाव आणि मर्यादा द्यायची ती ट्रिगर लावणाऱ्या क्रिएट ट्रिगर या आज्ञेच्या शेवटच्या कंसात: 'वजन', '500'. बर्फाच्या टेबलाला 'लाद्या', '40'. फंक्शनच्या आत हे टीजी_आर्गव्ही या अ‍ॅरेत, म्हणजे क्रमवार यादीत, मिळतं. मोजणी शून्यापासून, म्हणजे मर्यादा एक नंबरला. न्यू म्हणजे येणारी नवी ओळ; ती टू_जेसनबीने जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्या) करायची, की रकान्याच्या नावावरून आकडा काढता येतो.

[दृश्य: काट्यावर बांगडा. पडद्यावर लाल एरर.]

95 किलो बांगडा, मर्यादा 500, तरी नोंद नाकारली! कारण दोन्ही बाजू टेक्स्ट. अक्षरांच्या हिशेबात 9 हा 5 च्या पुढचा, म्हणून 95 मोठा. दोन्हींना न्यूमेरिकमध्ये कास्ट करा, म्हणजे संख्येत बदला. एरर निदान दिसते तरी. मर्यादा द्यायचीच राहिली तर टीजी_आर्गव्हीत त्या जागी नल (किंमतच नाही) येतो, नलशी केलेली तुलनाही नल, आणि इफ आत शिरतच नाही. मग 5000 किलोही निमूट नोंदले जातात. म्हणून फंक्शनची पहिली तपासणी हीच: टीजी_एनआर्ग्स, म्हणजे कंसातून आलेल्या गोष्टींची संख्या, 2 नसेल तर रेज एक्सेप्शन, म्हणजे एरर देऊन थांबायचं.

[दृश्य: काट्यावरची पाळी बदलते.]

काट्यावर आता कोण, हे क्रिएट ट्रिगरच्या कंसातून कळवता येत नाही. तिथे करंट_युझर लिहिलंत तर नाव नव्हे, तीच अक्षरं पोचतात. कंसातला मजकूर ट्रिगर लावतानाच पक्का होतो. माणसाचं नाव सेट_कॉन्फिगने सेशनमध्ये (डेटाबेसशी चालू जोडणीत) ठेवा, फंक्शनमध्ये करंट_सेटिंगने वाचा.

[दृश्य: लिलाव, गर्दी.]

मर्यादा बदलायची तर आवृत्ती 14 पासून क्रिएट ऑर रिप्लेस ट्रिगर आहे. त्याआधीच्या आवृत्तीत ट्रिगर ड्रॉप करून नव्याने लावायचा, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाली तर दोन्ही कामं, नाहीतर एकही नाही. बोली चालू असताना मात्र नको: टेबलावर लॉक बसतो आणि काट्यावरच्या नोंदी अडकतात.