वाड्यावरच्या शाळेचा आराखडा कोणी लिहायचा?

नमस्कार श्रोतेहो.

अमुक वाड्यावरची सरकारी प्राथमिक शाळा बंद होणार, तिचं शेजारच्या शाळेत विलीनीकरण होणार, ही बातमी गोव्यात आता नवी राहिलेली नाही. बातमी आली की आपण हळहळतो, प्राथमिक शिक्षण मराठी-कोकणीतून की इंग्रजीतून हा माध्यमाचा वाद पुन्हा उगाळतो, आणि नवं शालेय वर्ष उजाडलं की मुलांना दूरच्या अनुदानित शाळेच्या बालरथात, म्हणजे तिच्या बसमध्ये, बसवून मोकळे होतो. माध्यमाच्या वादात मी आज शिरणार नाही. १९९० साली आणि पुन्हा २०११ साली त्या वादाने गोवा ढवळून निघाला, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते कायद्याने पालकांच्या हाती दिलेल्या आणि बहुतेक गावांत कागदावरच पडून राहिलेल्या एका अधिकाराबद्दल: शाळेचा विकास आराखडा लिहिण्याच्या.

थोडं मागे जाऊ. पोर्तुगीज अमलात आपल्याकडे मराठी शाळा भरायच्या त्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेसारख्या इमारतीत, नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर. मास्तरांच्या पोटापाण्याची सोय गावच बघायचं. १९६३ च्या अखेरीस भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि सरकारी मराठी प्राथमिक शाळा खेडोपाडी, वाड्यावाड्यांवर पोचल्या. ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती त्यांची मुलं शिकली. फार मोठं काम झालं ते. पण शाळा सरकारची झाली आणि हळूहळू गावाचा तिच्यावरचा हात सुटला. छप्पर गळलं तर सरकार बघेल, शिक्षक नसला तर सरकार पाठवील, अशी आपली धारणा झाली.

मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा, एवढंच त्याबद्दल आपल्या कानावर असतं. त्याचं २१ वं कलम मात्र सरकारी शाळेचा कारभार पाहायला शाळा व्यवस्थापन समिती नेमायला सांगतं. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. दुर्बल घटकांतल्या पालकांनाही त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. ही समिती म्हणजे स्नेहसंमेलनाला खुर्च्या मांडणारी मंडळी नव्हे. २२ वं कलम सांगतं की शाळेचा विकास आराखडा समितीने तयार करायचा, आणि सरकारने शाळेसाठी आखायच्या योजना व द्यायचं अनुदान त्या आराखड्याच्या आधारावर असेल. शाळेला काय हवं ते आधी पालकांनी लिहायचं आणि त्यावरून सरकारने पैसा ठरवायचा, असा हा क्रम आहे. आपण तो उलटा करून टाकला आहे. वरून काय येतं याची वाट बघत बसतो.

आराखडा म्हणजे तरी काय? समजा सत्तरीतल्या एखाद्या वाड्यावर बारा मुलांची शाळा आहे आणि शिक्षिका एकच. ती आजारी पडली की शाळा बंद. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात बैठक असली की पुन्हा बंद. पालक म्हणतात, मुलंच थोडी, दुसरी शिक्षिका कोण देणार? पण कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे: पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. बारा मुलांनाही दोन. तिथेच मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, माध्यान्ह आहाराचं स्वयंपाकघर, खेळाची जागा, वाचनालय आणि वर्षाला किमान दोनशे दिवस शाळा हेही आहे. समितीने वर्गावर्गात फिरून यातलं काय आहे आणि काय नाही हे लिहून काढलं की अर्धा आराखडा तयार झाला. प्रत्येक शाळेची माहिती युडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या, नोंदीतही असते. त्या नोंदीत नळ दाखवला असेल आणि प्रत्यक्षात नळाला पाणी नसेल, तर तेही आराखड्यात उतरवा.

हे काम नोकरदार पालकच करू शकतात असं कुणी म्हटलं की मला फार वाईट वाटतं. काजूच्या बागेत राबणारी, मासळी विकणारी आई पाण्याचा नळ मोजू शकत नाही का? तिला अडचण होते ती बैठकीच्या वेळेची. कामाच्या दिवशी सकाळी अकराला बैठक ठेवली तर रोजंदारीवरचा माणूस येणार कसा? बैठक संध्याकाळी ठेवा, सुट्टीच्या दिवशी ठेवा. इतिवृत्त सह्या घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा. न वाचलेल्या कागदावर अंगठा घेऊ नका.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्या कितीतरी सरकारी शाळांचे वर्ग आज बाहेरून कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुलांमुळे टिकून आहेत. कर्नाटकातून, उत्तरेकडून आलेली ही माणसं आपली घरं बांधतात, आपल्या बागायती सांभाळतात. त्यांच्या मुलांच्या संख्येवर शाळा वाचवायची आणि समितीत मात्र त्यांना बोलवायचं नाही, हा अन्याय आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून कुणालाही प्रवेश नाकारता येत नाही. १४ वं कलम तसं सांगतं. आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणून प्रवेश अडवून ठेवता येत नाही. नऊ वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलं नसेल, तर त्याला वयाला साजेशा वर्गात बसवून वेगळं प्रशिक्षण द्यायचं आहे. बांधकामाच्या जागेवर दिवसभर धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली मुलगी दिसली, तर तिच्या आईवडिलांना हे सांगा. त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जा. त्यांना शाळेच्या दारात बिचकायला होतं.

मुलांना मारण्याबद्दलही बोललं पाहिजे. ‘आम्हीही छड्या खाऊनच शिकलो’ हे वाक्य आता सोडून देऊ या. २००९ च्या कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी करतं. गोव्याने तर त्याच्याही आधी, २००३ साली, स्वतःचा बाल कायदा केला, शाळेतली मारहाण त्यात निषिद्ध ठरवली आणि मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी वेगळं बाल न्यायालय उभारलं. मूल शाळेत जायला अचानक नको म्हणू लागलं, तर रागावण्याआधी त्याला जवळ घेऊन विचारा. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक फिरवा, त्याला पैसे पडत नाहीत.

आराखडा दिला आणि वर्षभर कुणी विचारलंच नाही तर? मग कागदाचा पाठपुरावा करायचा. २००९ च्या कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे जाता येतं. शिक्षकाचं पद मंजूर आहे की नाही, दुरुस्तीचे पैसे कुठे अडले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. असा कायदा गोव्याने देशाच्या आठ वर्षं आधी, १९९७ मध्ये केला होता, हे विसरू नका. एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा समितीचा ठराव जड पडतो, आणि ग्रामसभेचा ठराव त्याहून जड. ग्रामसभेत रस्ता, गटार, कचरा यांवर तास तास चर्चा होते. शाळेचा विषय निघतच नाही, कारण तो कुणी आधी दिलेला नसतो.

तेव्हा येत्या ग्रामसभेआधी पंचायत सचिवांना लेखी पत्र द्या की शाळेचा विकास आराखडा विषयपत्रिकेवर घ्यावा. पत्रावर समितीतल्या आयांच्या सह्या असू द्या. पत्राच्या दोन प्रती काढा, आणि आपल्याकडच्या प्रतीवर पोच म्हणून तारखेसह शिक्का मारून घ्या.

नमस्कार.