'ना' म्हणजे हो की नाही?

(जपानमधल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

समितीनं मला 'मराठी भाषेचं वैभव' असा भारदस्त विषय दिला होता. मी 'बोलतो ना' म्हणालो, घरी जाऊन वही काढली आणि अडकलो. गेल्या सुट्टीत आमच्या शेतात एक भानगड झाली, ती काही केल्या डोक्यातून जाईना. तेव्हा वैभव पुढच्या वर्षी. आज एकच अक्षर, 'ना'.

हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो होतो, नांदेडच्या देगलूर तालुक्यात, तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेजवळ. नशिबानं येळवस, म्हणजे शेतात जाऊन जेवायचा आमचा अमावास्येचा सण, सुट्टीतच आली. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आंबिलीचं गाडगं, उंडे, भज्जी... लातूर-नांदेडवाले आत्ताच खुर्चीत सरसावून बसले, दिसतंय मला. बाकीच्यांनी जेवताना त्यांच्या शेजारी बसू नका, दोन तास सुटका नाही.

तर माझी आई नातीला घेऊन कोपीजवळ बसली. पत्रावळीवर बाजरीची भाकरी, वर भज्जी, कडेला गुळाचा खडा. लेकीनं घास उचलला आणि तेवढ्यात आई कौतुकानं म्हणाली, "खा ना माय." लेकीनं घास खाली ठेवला. "अगं खा ना." लेकीनं हात मागं घेतला. तिसऱ्यांदा आई जवळ सरकली, हनुवटीला बोटं लावली, "खा ना गं माझी बाय." लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी.

आईनं माझ्याकडं बघितलं. "हे लेकरू कामून खाईना झालंय? तिखट तर मी टाकलंच नाही." बायकोला वाटलं, हा टोला तिला. परतीच्या वाटेवर गाडीत जे झालं ते सांगत नाही; तुमच्याही घरी होतं. सारांश एवढाच की लेकीला वळण लावायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही.

रात्री लेकीला विचारलं, "घास का टाकलास?" ती म्हणाली, "आजीनंच सांगितलं, खाऊ नको." "कधी सांगितलं?" "तीनदा."

हसलात, म्हणजे तुम्हाला कळलं. आपली पोरं दिवसभर होइकुएनमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात असतात. तिथं मुलं एकमेकांवर काय ओरडतात? 'मिरु ना!' बघू नको. 'कुरु ना!' येऊ नको. क्रियापदाच्या शेपटाला 'ना' लागला की मनाई. पाच वर्षांच्या पोरीनं आजीच्या मराठीला जपानी व्याकरण लावलं आणि आज्ञाधारकपणे उपाशी राहिली. त्यातही गंमत बघा, 'ताबेरु ना' म्हणजे खाऊ नकोस आणि 'ताबेना' म्हणजे खा. मध्ये फक्त एक 'रु'. अकरा वर्षं इथं काढून मला तो 'रु' अजून सांभाळता येत नाही. ऑफिसात नव्या पोराला जेवणाचा आग्रह करायला गेलो आणि 'ताबेरु ना' म्हणालो. त्यानं चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि वर माझी माफी मागितली. तेव्हा लेकीला हसायचा मला काही अधिकार नाही.

पण त्या रात्रीपासून मी या 'ना'च्या मागं लागलो, आणि पहिल्यांदा ध्यानात आलं की आमच्या देगलूरच्या बाजारातच तीन 'ना' हिंडत होते. तेलुगूत 'ना' म्हणजे माझं. लहानपणी एक तेलंगी फेरीवाला ओट्यावर बसून म्हणायचा, "ना पेरु..." आणि पुढं स्वतःचं नाव सांगायचा. पेरु म्हणजे नाव. आम्ही पोरं म्हणायचो, नाही तर नाही, पेरू मागितला कुणी? उदगीरवरून बिदरकडं निघालात की कन्नड 'ना' लागतो, त्याचा अर्थ मी. "ना बर्तिनी" म्हणजे मी येतो. आपल्या कानाला नकार ऐकू येतो आणि माणूस तर यायला निघालेला असतो.

तिसरा आपला. तोही निखळ मराठी म्हणवत नाही, कारण आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. माझे आजोबा उर्दू शाळेत शिकले. नाराज, नापसंत, नाइलाज हे सगळे फारसी 'ना'चे दागिने आपण इतके दिवस अंगावर घातलेत की ते माहेरचेच वाटतात. वडील मला रोज 'नालायक' म्हणत. त्यात 'ना' फारसी आणि 'लायक' अरबी. म्हणजे शिवीतलं एकही अक्षर मराठी नव्हतं, पण मला ती शंभर टक्के मराठीत लागायची. अर्थात आपणही उधारी ठेवली नाही. हैदराबादी माणूस आजही 'नक्को' म्हणतो ना, तो आपलाच 'नको' आहे.

फारसी 'ना', संस्कृत 'न', बंगाल्यांचा 'ना', रशियनांचा 'न्येत', इंग्रजांचा 'नो', ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी मान फिरवून 'न' म्हणालं आणि ते पोरांनी जन्मभर धरून ठेवलं. जपानी 'ना' मात्र या घराण्यातला नाही. कोरियन 'ना'ही नाही, त्याचा अर्थ पुन्हा मी. चेहरा सारखा, नातं काही नाही. ग्रीक माणूस तर 'ने' म्हणतो तेव्हा तो होकार असतो. ग्रीक सहकाऱ्याकडून रजा मागून बघा, घाम फुटेल. मला सगळ्यात आवडला तो रशियन लोकांचा दुसरा 'ना'. हातात काही देताना ते म्हणतात, 'ना!' म्हणजे घे. भाकरीचा तुकडा पुढं करायचा आणि म्हणायचं 'ना'. माझ्या आईचं रशियात छान जमलं असतं.

आणखी एक सांगतो, मग पुढं जाऊ. संस्कृतात 'नृ' शब्दाची प्रथमा एकवचनी 'ना' अशी होते. अर्थ पुरुष. मी हे मोठ्या उत्साहानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पुरुष म्हणजे ना, हे मला लग्नानंतर पंधरा दिवसांत कळलं होतं. व्याकरण कशाला लागतं?"

आमच्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी संस्कृतला टोमणा मारला होता, की तुमच्याकडं एकटा 'घट' आणि आमच्याकडं डेरा, रांजण, सुगड, प्रत्येकाला आपलं नाव. खरं आहे. पण आपला 'ना' हे उलटं भांडं आहे. भांडं एकच, पाणी किती तऱ्हेचं! 'पाऊस पडेना' म्हणताना शेतकऱ्याचा घसा कोरडा पडतो. 'पडेना का' म्हटलं की पडू दे, मला काय. 'येतोस ना?' मध्ये धाकधूक. 'ये ना' मध्ये लाड. 'हो ना!' मध्ये हो आणि ना शेजारी शेजारी बसतात आणि भांडत नाहीत, उलट हो दुप्पट होतो. जमिनीच्या कागदातसुद्धा एक 'ना' आहेच. इथल्या निम्म्या लोकांचा संभाजीनगरच्या बाहेर एक प्लॉट आहे आणि तो अजून एनए, म्हणजे बिगरशेती, व्हायचाय.

आणि मंडळाचा 'ना'? गेल्या महिन्यात पोह्यांच्या कार्यक्रमाला ग्रुपवर साठ जणांनी 'येतो ना' लिहिलं. आले बावीस. उरलेले पोहे मी तीन दिवस डब्यात नेले. तेव्हा लेकीला 'ना'चा अर्थ चुकीचा कळला असं छातीठोक म्हणायची आपल्याला सोय राहिलेली नाही.

पण मूळ गोष्ट ती नाही. मला त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होतो. 'ना'चा तो लाडाचा अर्थ लेकीला माहीतच नव्हता. पाच वर्षं घरात मराठी ऐकतेय. आमच्या घरात मराठीच बोलतात, असं मी याच माईकवरून दोनदा अभिमानानं सांगितलंय. मग तिला हा 'ना' भेटला कसा नाही?

इथं परतल्यावर मी एक दिवस स्वतःवर पाळत ठेवली. सकाळी ऊठ. आवर. दात घास. दूध संपव. चल. बूट घाल. संध्याकाळी हात धू. बस. गप्प बस. तो मोबाइल ठेव. झोप. सगळं मराठीत! एकही शब्द परका नाही, आणि एकही 'ना' नाही. आर्जवाची वेळ आली की आमच्या घरात 'प्लीज' येतं. आग्रह, मनधरणी, लाडीगोडी हे सगळं दुसऱ्या भाषेकडं गेलं आणि मराठीकडं उरली हवालदारकी.

तुम्हीही फार हसू नका. आपल्या रविवारच्या मराठी वर्गाच्या दाराशी मी पाच मिनिटं उभा होतो. 'बसा. लिहा. बोलू नका. ऱ्हस्व काढा.' शिकवणारे जीव तोडून शिकवतात, स्वतःचा रविवार देतात, त्याबद्दल दुमत नाही. पण तासाभरात 'वाच ना जरा, किती छान वाचतेस' हे मला ऐकू आलं नाही. मी दाराशी होतो, आतलं सगळं ऐकू आलं नसेल, असं समजू.

बरं, उपाय म्हणून मी दुसऱ्या दिवशी ठरवून 'ना' लावायला लागलो. "ऊठ ना." "आवर ना." लेक अंथरुणातच राहिली. तिच्या हिशेबानं मी तिला उठू नको म्हणत होतो, आणि होइकुएनची वेळ झालेली. शेवटी ओरडलो, "ऊठ!" ती लगेच उठली.

मी आईला फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं, की त्या भाषेत असं असतं, पोरीचा दोष नाही. आई म्हणाली, "हौ, कळलं बाप्पा." मला वाटलं, विषय संपला. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल झाला. लेक ताट घेऊन पडद्यासमोर बसलेली. आई तिकडून बघत होती. तिचे ओठ हलले, काहीतरी तोंडात आलेलं तिनं गिळलं आणि म्हणाली, "जेव." थोड्या वेळानं पुन्हा, "भाजी घे." सत्तर वर्षांची बाई नातीसाठी व्याकरण सुधारत होती. लेकीनं मुकाट्यानं जेवण संपवलं.

कॉल बंद झाल्यावर ती मला म्हणाली, "बाबा, आजी रागावली का?"

मी म्हणालो, "नाही ना!"

ती माझ्या तोंडाकडं बघत बसली. "म्हणजे हो की नाही?"